पहिला इंच सोडून

पेन्सिल डाव्या कानावर. उजव्या कानावर कधीच नाही, कारण त्या कानाने ऐकायचं असतं, असं मिस्त्री म्हणत.

चहाचा कप हातात घेण्याआधी टेबल बोटाने दाबून बघायचं. डुगडुगलं तर आधी पायाखाली कागदाची घडी, मग चहा.

कुणाच्याही घरी गेलं की बसण्याआधी दाराच्या चौकटीवरून तळहात फिरवायचा. काम दुसऱ्या कुणाचं असेल तर काही बोलायचं नाही. नुसतं "हं" म्हणायचं.

तोंडात खिळे धरून बोलायचं आणि समोरच्याला कळलं नाही तर त्याच्यावरच वैतागायचं.

माप घेताना श्वास रोखायचा.

आणि पहिला इंच सोडून द्यायचा.

ही शेवटची सवय समजावून सांगायला हवी. मिस्त्रींची टेप तीस वर्षांची होती. टोकाचा पत्रा सैल झालेला, पहिला इंच घासून पुसट झालेला. म्हणून ते शून्याऐवजी एकचा आकडा कडेला टेकवत आणि आलेल्या मापातून एक इंच वजा करत. हे वजा करणं त्यांच्या डोक्यातून कधीच हातात उतरलं होतं. नवी टेप घ्या म्हटलं की म्हणत, हिच्या खोडी मला माहीत आहेत, आता या वयात दुसरीच्या कुठे शोधत बसू.

इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत. मिस्त्रींचं सगळं त्या हिशोबात चाले. चहात साखर सूतभर हवी. मुलीचा आवाज सूतभर चढला. त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, बहिणीकडे राहायला गेल्या की घर सूतभर मोठं वाटतं. गल्लीतले लोक त्यांना सूतभर मिस्त्रीच म्हणत.

मी त्यांच्याहून बेचाळीस वर्षांनी लहान. त्यांच्या सुतारखान्यावरच्या खोलीत भाड्याने राहतो. साहित्याची पदवी घेतली आहे, पण कविता एकही लिहिलेली नाही. तरी ते मला कवी म्हणत. मी त्यांना काका म्हणायचो. संध्याकाळी काम थांबलं की आम्ही भुशाच्या पोत्यांवर बसून गप्पा मारायचो. दुसरा मित्र मला या गावात नव्हता.

सुतारखाना आता त्यांची मुलगी चालवते. गेल्या वर्षी वखारीतल्या फळ्या, बिजागऱ्या, घरांचे नकाशे, सगळं मिलिमीटरमध्ये यायला लागलं. मुलगी त्यातच शिकलेली. तिने बाबांना नवी टेप आणून दिली आणि भिंतीवर एक तक्ता चिकटवला. एक इंच म्हणजे पंचवीस मिलिमीटर आणि वर चिमूटभर. मिस्त्रींनी तक्ता चार दिवसांत तोंडपाठ केला.

मग दवाखान्याच्या बारा दरवाजांचं काम आलं. चौकटी आधीच बसवलेल्या होत्या. मापं मिस्त्रींनी घेतली, दरवाजे तयार झाले. बसवायला गेले तर बाराच्या बारा दीड सेंटिमीटरने अरुंद.

चूक कुठे झाली ते मुलीला दोन दिवस कळेना. तिसऱ्या दिवशी तिने त्यांना सुतारखान्याचंच दार मोजायला लावलं आणि नुसतं बघत उभी राहिली. नवी टेप, टोक धड, शून्य स्वच्छ. तरी मिस्त्रींनी एकचा आकडा कडेला टेकवला. तो एक आता सेंटिमीटरचा होता. वजा मात्र त्यांनी पाठ केलेले पंचवीस मिलिमीटर केले. एक सेंटिमीटर सोडला आणि एक इंच कापला.

दरवाजांना कडेने पट्ट्या जोडून काम निभावलं. मुलगी आरडाओरडा करणाऱ्यांतली नाही. पुढच्या सोमवारी सकाळी हात पुसत ती म्हणाली, "बाबा, यापुढे मापं मी घेईन. तुम्ही कापा."

मिस्त्री बरं म्हणाले. त्या संध्याकाळी पोत्यावर बसून त्यांनी नवी टेप दोनदा बाहेर ओढली आणि आत सोडली. मग म्हणाले की कापायला यंत्रही आहे. माप घेतो तो सुतार.

आठवडाभराने त्यांनी मला विचारलं, "कवी, तू परकी भाषा शिकलास. तेव्हा आधी मनात आपलं बोलून मग ते उलटवायचास?"

सुरुवातीला तसंच करायचो, असं मी सांगितलं.

"मग थांबलं कधी?"

मी आठवून पाहिलं. वसतिगृहात एकाने माझी बादली पळवली होती. तेव्हा मी त्याला त्याच्या भाषेत शिवी दिली, न अडखळता. त्या दिवसापासून.

ते इतके हसले की कानावरची पेन्सिल पडली. दुसऱ्या दिवशी शेजारचा नळदुरुस्तीवाला शिडी मागायला आला. मागची अजून परत केली नव्हती. मिस्त्री त्याला शांतपणे म्हणाले, "तुला अक्कल आहे रे, पण तीन मिलिमीटर." तो बिचारा बोटांत अंतर धरून बघत राहिला.

त्याच दिवशी त्यांनी भिंतीवरचा तक्ता काढला. जुनी टेप खिळ्याला टांगली, ती पुन्हा उतरवली नाही. उलटवायचं नाही, असं ठरवलं होतं. दिसेल ती वस्तू आधी नजरेने मोजायची, आकडा वहीत लिहायचा, मग टेप लावायची. कप ब्याण्णव. उंबरा चौसष्ट. माझा अंगठा एकवीस, हा आकडा त्यांनी दोनदा तपासला. एका सकाळी त्यांनी काकूंना सांगितलं की पलंग तुझ्या बाजूने सहा मिलिमीटर आखूड आहे. काकू म्हणाल्या, "चाळीस वर्षं झोपतेय त्यावर. आजच कमी पडला?"

वहीत डावीकडे अंदाज असे, उजवीकडे खरं माप. पहिल्या पानांवर दोन्ही एकमेकांपासून फार लांब आहेत. चार महिन्यांनंतरच्या पानांवर कित्येक ओळींत एकच आकडा दोनदा लिहिलेला दिसतो.

माझ्या खोलीत खिडकीशेजारी भिंतीत एक कोनाडा आहे. वर जाताना तो अरुंद होत जातो, तोही वेडावाकडा. माझी पुस्तकं जमिनीवर होती. त्यात पाच फळ्या बसवायच्या, प्रत्येक फळीचं माप वेगळं. मिस्त्रींनी मुलीला विचारलं. मी तिथेच उभा होतो. इतक्या मोठ्या माणसाला परवानगी मागताना बघून मी खिडकीबाहेर पाहायला लागलो. ती म्हणाली, कवीचंच काम आहे, चुकलं तर पुस्तकं पडतील. घ्या माप.

त्यांनी टेपचं टोक भिंतीला टेकवलं. श्वास रोखला. एकदा हात सवयीने पुढे सरकला. तो त्यांनी मागे आणला आणि हळूच म्हणाले, "शून्य."

खालच्या चारही फळ्यांची मापं मुलीने त्यांच्यामागून पुन्हा घेतली. दवाखान्यानंतर ती कुणाचंच माप तपासल्याशिवाय कापू देत नव्हती. चारही जुळली. पाचवं माप घ्यायला शिडी लागणार होती. शिडी नळदुरुस्तीवाल्याकडून परत येईपर्यंत मुलगी दुसऱ्या कामाला गेली होती. वरचं माप मिस्त्रींनी एकट्याने घेतलं. मी शिडी धरली होती.

शनिवारी चार फळ्या बसल्या. मधे नखही शिरत नव्हतं. पाचवी सोमवारी कापतो म्हणाले.

सोमवारी सकाळी सातला ते गेले. काकू चहा घेऊन आल्या तेव्हा ते खुर्चीतच होते. हृदय थांबलं, एवढंच डॉक्टरांनी सांगितलं. पेन्सिल कानावर होती.

आज एकोणीस दिवस झाले. मला अजून खालून रंध्याचा आवाज येतो, मग लक्षात येतं की मुलगी काम करते आहे. तिचा हात जरा जलद चालतो.

काल तिने मला खाली बोलावलं. पाचवी फळी त्यांच्या टेबलावर आडवी होती. एका टोकाला त्यांच्या अक्षरात पेन्सिलीने लिहिलं होतं, ८६८. आकड्यापाशी रेघ, काटकोनाचा गुण्या लावून मारलेली, सरळ. मुलीने कमरेची टेप काढली. मला वाटलं ती आता वर येऊन कोनाडा मोजेल. मी किल्ली पुढे केली.

तिने रेघेकडे पाहिलं. मग टेप परत कमरेला लावली.

"वर यायची गरज नाही," ती म्हणाली. "लिहिलंय त्यांनी."

तिने करवत घेतली, फळीवर रेघेशी टेकवली आणि तशीच उभी राहिली. थोड्या वेळाने करवत खाली ठेवून म्हणाली की आज नको, गुरुवारी बघू. मी बरं म्हणालो.

फळी अजून टेबलावर आहे. वरच्या खणात लावायची पुस्तकं माझ्या खोलीत भिंतीशी रचून ठेवली आहेत.