नबी येईपर्यंत पक्षी कुणाचा?

दुबईत, अल बर्शातल्या आमच्या बाल्कनीत एका सकाळी कॉकटील जातीचा एक छोटा पोपट येऊन बसला. राखाडी अंग, पिवळा तुरा, गालांवर केशरी टिकल्या. एसीच्या बाहेरच्या मशीनवरून तो सगळीकडे असं बघत होता, जणू फ्लॅट भाड्याने घ्यायला आलाय. लेकीने हात पुढे केला आणि तो सरळ तिच्या मनगटावर चढला.

“आई, ही चोझ अस! फाइंडर्स कीपर्स!” सापडेल त्याचा, हा तिच्या इंग्रजी शाळेतला कायदा.

“बाय, थांब हां,” शेजारच्या बाल्कनीतून काका म्हणाले.

काका बेने इस्रायली, म्हणजे आपले अलिबागकडचे मराठी बोलणारे ज्यू. तरुणपणीच इस्राएलला गेले, तिथे शाळेत गणित शिकवलं आणि आता मुलीच्या नोकरीमुळे तिच्यासोबत दुबईत आले होते. रिटायर झाल्यावर त्यांना जुन्या रब्बींच्या कायद्याचा नाद लागला होता. मराठी मात्र अलिबाग सोडलं तेव्हाची, तशीच राहिली होती.

“पक्षी पाळीव आहे. म्हणजे कोणीतरी त्याला शोधत असणार. सापडलेल्या वस्तूला खूण असली तर दवंडी पिटायची, असं आमच्या रब्बींनी दोन हजार वर्षांपूर्वी ठरवून ठेवलंय.”

“व्हॉट्स दवंडी?”

“बिल्डिंगचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप,” मी म्हटलं.

काकांनी चष्मा लावून पक्षी तपासला. पक्ष्याने चष्म्याची दांडी ओढून काकांना तपासलं. डाव्या पायाचं एक बोट नव्हतं. “हे ग्रुपवर लिहू नको हां,” काकांनी मला बजावलं. “ते मालकाने सांगायचं.”

मी फक्त पक्षी सापडल्याचं आणि खूण सांगून नेण्याचं लिहिलं. पहिला फोन आला तो हिरव्या पोपटासाठी. दुसऱ्याने विचारलं, “हबीबी, पक्षी माझाच आहे. रंग कोणता आहे?”

तोवर घरात नवाच प्रश्न उभा राहिला. सापडलेल्या वस्तूची काळजी घ्यायची, पण ती स्वतःसाठी वापरायची नाही, असं काकांचं म्हणणं. “मग त्याच्याशी खेळणं म्हणजे वापरणं का?” लेकीने इंग्रजीत विचारलं. काका विचारात पडले आणि चहा न संपवताच घरी गेले. संध्याकाळी निकाल घेऊन आले.

“खेळायचं. नाहीतर पक्षी खंगेल. ते झालं पक्ष्यासाठी. पण त्याला खांद्यावर बसवून मैत्रिणींसमोर मिरवायचं, ते झालं तुझ्यासाठी. ते नाही.”

लेकीचं तोंड एवढंसं झालं. मैत्रिणींना फोटो अर्थातच केव्हाच गेले होते.

मग पाचव्या मजल्यावरच्या भाभी आल्या. रत्नागिरीच्या. दारातच म्हणाल्या, “डाव्या पायाचं बोट नाही ना त्याला?” मी पक्षी आणायला वळले तोच फोन वाजला. दहाव्या मजल्यावरचा एक पुणेकर मुलगा. त्यानेही तीच खूण सांगितली.

मी काकांना हाक मारली. “दोघांनी तीच खूण सांगितली तर?”

“तर कोणालाच द्यायचा नाही. आमचा नबी, म्हणजे प्रेषित, एक दिवस परत येणार आहे; तो येऊन निवाडा करेपर्यंत जिथे आहे तिथेच राहायचा.” हाच तो नबी, ज्याच्या नावाने अलिबागकडे हे लोक पोहे, गूळ, खोबऱ्याचा मलिदा करतात.

“येस!” लेक ओरडली. “ही इज नॉट कमिंग धिस वीक, राइट?”

पण मला दोघंही खोटं बोलतायत असं वाटेना. मी त्या मुलाला खाली बोलावलं आणि सगळ्यांसाठी चहा टाकला. मग उलगडा झाला. पक्षी त्या मुलाच्या बायकोचा. बाळंतपणाला पुण्याला जाताना तिने तो भाभींकडे ठेवला होता. ती बाळासकट परतली, पण बाळ लहान म्हणून पक्षी तिकडेच राहिला. राहिला तो राहिलाच. भाभींची जाळी उघडी राहिली आणि तो उडाला.

“सांभाळायला दिला होता, देऊन नव्हता टाकला,” मुलगा म्हणाला.

“आणि रोज आंघोळ कोण घालत होतं त्याला?” भाभींचा आवाज चढला.

काकांनी दोघांचं नीट ऐकून घेतलं. “कायद्याने पक्षी याच्या घरचा,” ते म्हणाले. “सांभाळणारा मालक होत नाही.” भाभींनी ओढणीने डोळे टिपले. काका मुलाकडे वळले. “पण रब्बी आणखी एक सांगतात. हक्काची रेघ जिथे असते, तिथपर्यंत जायलाच पाहिजे असं नाही. चांगल्या माणसाने थोडं अलीकडे थांबावं.”

मुलाने तिथूनच बायकोला फोन लावला. फोनमधून बाळाचं रडणं आणि बायकोचा आवाज, दोन्ही आम्हाला स्पष्ट ऐकू आले. “अरे, इथे बाळ आवरत नाहीये, पक्षी कुठे सांभाळू? भाभींकडेच राहू दे. मी बघायला येत जाईन.”

भाभींनी तिथल्या तिथे त्यांना शुक्रवारच्या जेवणाचं आमंत्रण दिलं. मग पक्ष्याला ओढणीच्या टोकात अलगद धरून, “यल्ला, चल,” म्हणत त्या लिफ्टकडे निघाल्या. लेक रडली, पण संध्याकाळपर्यंतच. मग ती काकांच्या दारात उभी. वरच्यांचा एक मोजा आमच्या बाल्कनीत पडला होता.

“इज धिस लॉस्ट प्रॉपर्टी?”

काकांनी मोजा चिमटीत धरून उजेडात नेला. “भोक आहे,” ते गंभीरपणे म्हणाले. “म्हणजे खूण आहे. जा, नेऊन दे.”