देव्हाऱ्यातलं कार्ड

हातात कार्ड दिलं की नाना आधी त्याचा वास घेत. बबलगमच्या पाकिटांतून क्रिकेटपटूंची कार्डं निघायची, त्या दिवसांतली गोष्ट. गमची साखर चिकटून मागे डाग पडला असेल तर तो नानांच्या डोळ्यांआधी नाकाला कळे. मग धोतराला हात पुसून ते कार्ड उजेडात तिरपं धरत आणि चारही कोपऱ्यांवरून हलकेच नख फिरवत.

नाना मूळचे शिंदखेड्याचे, धुळ्याला देवपुरातल्या एका छापखान्यात बाइंडर. कागद कापण्यातच जन्म गेलेला, म्हणून प्रदर्शनांत कार्डं तपासायला त्यांनाच बसवत. कार्डाच्या दर्जाच्या त्यांच्या पायऱ्या चार, वरून खाली: देव्हाऱ्यातलं, कपाटातलं, खिशातलं आणि रस्त्यावरचं. कुणी गयावया केली तर म्हणत, "कार्ड बोली ऱ्हायनं भाऊ, मी फक्त ऐकस." तपासलेल्या प्रत्येक चांगल्या कार्डाच्या खाणाखुणा ते मालकाच्या नावासकट एका लांबट वहीत टिपून ठेवत.

मी तेव्हा कॉलेजात होतो. माझ्याकडे देव्हाऱ्यातलं असं एकच कार्ड होतं, एका वेगवान गोलंदाजाचं. माझ्यासारखीच कार्डं जमवणारे जळगावचे वसंतराव ते पुतण्याला दाखवायला म्हणून पिंप्राळ्याला घेऊन गेले आणि आठवड्याने त्याच गोलंदाजाचं दुसरं, मळकं कार्ड माझ्या हातावर ठेवलं. मी बोललो तर चारचौघांत मलाच खोटं पाडलं. नाना म्हणाले, नुसती वही दाखवून काय होणार, ते कार्ड समोर यायला हवं. पुढची दोन वर्षं मी त्या माणसाचं वाईट चिंतण्यात घालवली, आणि हे लिहायला मला लाज वाटत नाही.

जळगावच्या प्रदर्शनात वसंतरावांनी ते कार्ड मांडलंच. नाना वहीत काय टिपून ठेवतात, हे वसंतरावांच्या गावीही नव्हतं. मी नानांना बाजूला घेतलं आणि म्हटलं, याला रस्त्यावरचं ठरवा, सगळ्यांसमोर. नानांनी माझ्याकडे रागाने पाहिलं.

"खोटं सांगीसन सूड लेवाना नही. खरं सांग, तेच जास्त झोंबस."

त्यांनी वास घेतला, नख फिरवलं आणि चिठ्ठीवर लिहून मोठ्याने निकाल दिला, देव्हाऱ्यातलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. वसंतराव फुलून गेले. हे तुमच्याकडे आलं कसं, असं नानांनी अगदी मऊ आवाजात विचारलं.

"मी स्वतः पाकीट फोडलं होतं," वसंतराव सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "दुसऱ्या कुणाचा हातसुद्धा लागलेला नाही याला."

नानांनी पिशवीतून वही काढली आणि शेजारच्या एका मास्तरांना वाचायला दिली. माझं नाव, तारीख, खालची कड किंचित तिरकी कापलेली, मागे दुसऱ्या ओळीखाली खसखशीएवढा शाईचा ठिपका. पाच-सहा जणांनी कार्ड उलटून पाहिलं. ठिपका तिथेच होता. वसंतरावांची मान खाली गेली, आणि त्यांच्याकडे बघत मी चक्क हसलो. कार्ड माझ्या हातात देताना त्यांनी अंगठ्याने त्याचा एक कोपरा करकचून दाबला.

नानांनी ते माझ्याकडून घेतलं, कोपऱ्यावर नख फिरवलं आणि चिठ्ठीवरचं "देव्हाऱ्यातलं" खोडून "खिशातलं" लिहिलं. मी चिडून म्हणालो, "नाना, कोपरा त्यांनी मोडलाय."

"कोनी बी मोडो," नाना म्हणाले. "मोडेल शे."

वसंतराव पुन्हा कुठल्या प्रदर्शनात दिसले नाहीत. नाना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. त्यांच्या अक्षरातल्या चिठ्ठीसकट ते कार्ड माझ्या कपाटात आहे. घरचे म्हणतात, सोडून द्या आता. मी सोडलेलं नाही. अधूनमधून ते बाहेर काढतो, वसंतरावांची खाली गेलेली मान आठवतो आणि मला आजही बरं वाटतं. मग नानांसारखं कडेवरून नख फिरवतो, आणि ते त्या कोपऱ्यापाशी अडतं.