डावी पाकळी

आमच्या वाचनालयात राजपुत्रांच्या कादंबऱ्यांची एक वेगळी फळी आहे, आणि तिच्याकडे नुसतं बघितलं तरी मला दमायला होतं. मुखपृष्ठावर मुकुट, मागे राजवाडा, पुढे पाठमोरी मुलगी. डिचोलीच्या कॉलेजातल्या पोरी ती नेतात, दोन दिवसांत परत आणतात आणि विचारतात, "मॅडम, अशीच आणखी आहेत?" आहेत. संपतच नाहीत. मुलगी साधी, राजपुत्र गर्विष्ठ, शेवटी दोघं गच्चीवर. मी शिक्का मारते आणि गप्प बसते. बोलायचा मला काय अधिकार? त्यांच्या वयाची असताना मीही याच्यावरच जगले.

तेव्हा आम्ही पाळी गावात, खाणींच्या पट्ट्यात राहायचो. बाबा सावंतवाडीकडचे, खनिजाच्या ट्रकवर ड्रायव्हर म्हणून आले आणि इथलेच झाले. घरात सगळ्यावर तांबडी धूळ बसायची, भांड्यांवर, गादीवर, माझ्या पुस्तकांवरही. ती झटकून मी वाचायची. त्यांतला राजपुत्र घोड्यावरून यायचा. आमच्या रस्त्यावरून एकामागून एक फक्त ट्रक यायचे, पण अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलीला असल्या अडचणी दिसत नाहीत.

अशात पेडण्याहून स्थळ आलं. मुलगा पंचायतीत कारकून. सावळा, बारका, शर्टाच्या खिशाला शाईचा डाग. पोहे खाऊन झाल्यावर त्याने खिडकीतलं माझं पुस्तक उचललं, दोन पानं मन लावून वाचली आणि मला विचारलं, "हो राजपुत्र काम खंयचा करता?"

राजपुत्राला कसलं काम! सगळे हसले. बाबा तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत. आज वाटतं, माझ्या पुस्तकाचं पान उघडून मला त्याबद्दल काही विचारणारा तो पहिलाच माणूस. तेव्हा मात्र अंगाचा तिळपापड झाला. पाहुणे गेले आणि मी मागच्या दारी जाऊन रडले. दोन दिवस रडत होते. मुलीने तोंडाने नको म्हणायची आमच्यात रीत नव्हती, आणि बाबांना मुलगा पसंत होता.

राहिला होता फक्त प्रसाद, म्हणजे देवाचा कौल. त्यांच्या देवाने होकार दिला होता, आता आमच्या बाजूने विचारायचं. मूर्तीला ओल्या पाकळ्या लावतात. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही, आणि त्यापुढे कोणी ब्र काढत नाही. बाबांची त्या दिवशी ड्युटी होती, म्हणून आई एकटीच देवळात गेली. दुपारी परत आली, पायांवर पाणी घेतलं आणि म्हणाली, "डावी पडली."

मी मनातल्या मनात देवाला साष्टांग नमस्कार घातला.

पण आमच्याकडे माणसांनी नाकारलेलं स्थळ चार दिवसांत विसरतात, देवाने नाकारलेलं विसरत नाहीत. बातमी पेडण्यापासून शिरगावपर्यंत पोचली आणि पोचेपर्यंत तिचं तोंडच बदललं. देवाने स्थळ नव्हे, मुलगीच नाकारली म्हणे. काहीतरी असेल, त्याशिवाय का? पुढची दोन स्थळं दारापर्यंत येऊन माघारी फिरली, मग तीही येईनाशी झाली. बाबांनी नवस केले, आणि एक दिवस तेही सोडले. मी वाचनालयात चिकटले. तिशी उलटली तसा मी देवाशी अबोला धरला. लईराई देवीच्या जत्रेला सगळा वाडा लोटायचा, मी घरात बसून भांडी घासायची. मी मागितलं होतं एवढंसं, आणि त्याने माझं सगळंच नेलं होतं.

गेल्या महिन्यात आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, म्हणून मी रजेवर होते. दुपारी तिच्या डोळ्यात थेंब घालायला बसले, तेवढ्यात एक मुलगी पुस्तक परत करायला घरीच आली. दारात उभी राहून राजपुत्र शेवटी कसा येतो ते सांगत सुटली. मी बरं बरं करून तिला वाटेला लावलं. आई पडल्या पडल्या ऐकत होती. म्हणाली, "तेव्हा मी देवळात गेलंयच नाय."

"कधी?"

"पेडण्याच्या स्थळाच्या वेळेक. व्हाळाच्या पाण्याकडे बसलंय नि परत इलंय. तू रडत होतंस. तुका तो नको होतो."

बाटली माझ्या हातात तशीच राहिली. पस्तीस वर्षं झाली, आणि मी ज्याच्याशी भांडले त्याला कोणी विचारलंच नव्हतं. राग आला, मस्तकात गेला, आणि समोर तर ही ऐंशीला टेकलेली बाई डोळे मिटून पडलेली.

"देवाचा नाव घेवन खोटा बोललंस?" मी म्हटलं. "आणि फुडली सगळी स्थळां मोडली ती?"

"ती मोडतली ह्या माका काय ठावक?" मग म्हणाली, "तुझी ती पुस्तकां मी पण वाचलंय. तू कॉलेजात गेलंस काय बसान वाचलंय. माका वाटला, तुझ्यासाठी खरोच कोणतरी येतलो."

मला रडू आलं. तिचे डोळे मिटलेलेच होते, म्हणून तिला ते दिसलं नाही.