मुंग्यांचा निकाल

अकोल्याच्या बाजारात कापूस साचावा, तसे आमच्या तेल्हाऱ्यात वैद्यबुवांच्या ओसरीवर किस्से साचत. अमेरिकेतील लढाईमुळे कापसास भाव आला, भावासोबत घरोघरी मिष्टान्न आले आणि मिष्टान्नामागून रोगी आले.

परसात सहा धोंडे होते. प्रत्येकावर गेरूने एका रोग्याचे नाव. रोग्याने प्रातःकाळी आपल्या धोंड्यावर लघवी ओतावी आणि ओसरीवर स्वस्थ बसावे. मुंग्या जमल्या, तर लघवीत साखर. नानाजी पाटलांच्या धोंड्यावर मुंग्या पाटलांच्या आधीच येऊन बसत!

*

नानाजींच्या कन्येचा विवाह तीन महिन्यांवर आला होता.

"पोरीच्या पंगतीत बाप पुरनपोयी नाई खाईन, त मंग लगन कायचं जी?"

वैद्यबुवांनी विचार करून निर्णय दिला, "सलग सात दिवस मुंगी दिसली नाही, तर एक पोळी."

"तुपासंग?"

"तुपासह."

*

मी वैद्यबुवांच्या हाताखाली औषधे कुटणारा; शाळेत गेलो नाही, परंतु ग्रंथ वाचले. त्या आधारे नानाजींना सांगितले की, मूत्रपिंडे गाळलेली साखर रक्तास परत देतात.

"मंग माही काहून वाहून राहिली?"

वैद्यबुवांनी विचारले, "सरकीसोबत पडलेला कापूस तुमच्या बाया वेचून ढिगात परत टाकतात ना?"

"टाकतेत. पन यंदा मालच लय हाये. हात पुरत नाईत. कापूस गावभर उडून राहिला."

"मूत्रपिंडेही दोनच असतात, पाटील."

*

दुसऱ्या आठवड्यात नानाजींच्या धोंड्यावर एकही मुंगी नव्हती. धोंड्याभोवती हळदीचे रिंगण मात्र सुबक होते!

वैद्यबुवांनी ते पायाने पुसले. "मुंग्यांस अडवलेत. साखरेस कोण अडवणार?"

त्या दिवसापासून नानाजींनी गूळ सोडला, कारली धरली आणि शेतावर बैलगाडीऐवजी पायी जाऊ लागले.

*

विवाहापूर्वीचे सातही दिवस त्यांचा धोंडा स्वच्छ राहिला. सातव्या दिवशी मी स्वतः पाहणी केली. तेव्हा रांगेच्या टोकाला एक नवा धोंडा दिसला. त्यावर नाव नव्हते. मुंग्या मात्र पुष्कळ होत्या.

विवाहाची पंगत बसली. नानाजींच्या पानावर पोळी पडली, तीवर तूप पडले. शेजारच्या पानावर वैद्यबुवांनी दोन्ही हात आडवे धरले.

"काहून जी, वैद्यबुवा?"

"आज उपवास आहे."

नानाजींनी त्यांच्या पानावरील वरणभाताकडे पाहिले. मग पोळीचा पहिला घास सावकाश चावून गिळला.

"वैद्यबुवा, तो सातवा धोंडा कोनाचा हाये?"

"ताक वाढा," वैद्यबुवा वाढप्यास म्हणाले.