डोळ्यांत गेलेलं कुंकू

दादाला छोटे रोबो जोडायचा नाद आहे. स्वस्तातले सुटे भाग मागवतो आणि रविवारभर स्क्रू आवळत बसतो. खंडेनवमीला हत्यारांची पूजा मांडली, तेव्हा त्याचा चार चाकांचा नवा रोबोही पाटावर बसला. आईने त्यालाही हळदकुंकू लावलं, फूल वाहिलं.

दुपारी दादाने हौसेने बटण दाबलं. एरवी भिंत दिसली की वळणारा तो गडी आज सरळ भिंतीवर आपटला, मग खुर्चीवर, मग स्वयंपाकघरात आईच्या पायांवर. आईने त्याला उचलून न्याहाळलं.

"अरे, याच्या डोळ्यांत कुंकू गेलंय!"

पदराच्या टोकाने तिने ते बारके डोळे हलकेच पुसले, लहानपणी आमचे पुसायची तसेच. "आणि पुजलेल्याला कामाला लावतात का? आज त्याचा सण. बसू दे निवांत."

त्याला पाटावर ठेवून ती पुऱ्या लाटायला वळली.

वर्षभर राबणाऱ्या वस्तूंना एक दिवस विसावा द्यायचा, हा रिवाज मला फार आवडतो. मी पाटाकडे पाहत राहिले. दादाची पक्कड होती, बाबांच्या स्कूटरची किल्ली होती, माझी शिवणाची कात्री होती. पोळपाट-लाटणं तेवढं नव्हतं. कसं असणार? ते कामात होतं.

पाटावरचं एक झेंडूचं फूल घेऊन मी आत गेले. "आई, लाटणं दे गं, पूजा करते."

"देते हं," ती मान वर न करता म्हणाली, "एवढ्या पुऱ्या होऊ देत."