तेलाखालची ओळ

ती ओळ मला वाचता आली होती. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, विभागातल्या सहकाऱ्यांना तर नाहीच. नऊ वर्षं झाली त्याला.

मी म्हैसूरच्या एका महाविद्यालयात इतिहास शिकवतो. मध्ययुगीन व्यापार हा माझा विषय. फळ्यावर खडूनं समुद्र काढायचा, होर्मुझपासून मंगळूरपर्यंत एक रेघ ओढायची, तिथून घाट चढून पठारावर दुसरी, आणि मुलांना सांगायचं, या वाटेनं घोडे आले, मिरी गेली, आणि माणसं आपापले देव सोबत घेऊन एकमेकांच्या दारात उतरली. मुलं वहीत उतरवून घेतात. परीक्षेला येतं ते.

बेट्टदपुराच्या बाजूला एक खेडं आहे. नाव लिहीत नाही. तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार निघाला तेव्हा समितीच्या अध्यक्षांनी मला बोलावलं. आवारात एक शिलालेख होता, जुन्या कन्नडातला, तो वाचून हवा होता. कारण फोनवर कळलं नाही, तिथं गेल्यावर कळलं.

जत्रेच्या दिवशी रथ हलण्याआधी दगडी दिव्यात पहिली पळी तेल घालायचा मान गावातल्या एका मुसलमान घराकडे होता. कधीपासून, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. त्या वर्षी मानकऱ्यांची नवीन यादी छापायची ठरली आणि कुणीतरी विचारलं, याला आधार काय? कागद आहे का? त्या घरातले थोरले म्हणाले, कागद नाही, दगडात आहे.

ते निवृत्त बसड्रायव्हर. उमेदीची सगळी वर्षं हुणसूर रस्त्यावर गेलेली, येलवालचा प्रत्येक खड्डा तोंडपाठ. मला बघून म्हणाले, "या मेष्ट्रे. माझी बस कधी उशिरा आली नाही, तुमचा दगड मात्र फार वर्षं लेट आहे बघा." आमचं बोलणं सगळं कन्नडात, मी ते मराठीत मांडतोय. मेष्ट्रे म्हणजे मास्तर. प्राध्यापक वगैरे त्यांच्या हिशेबी नव्हतं.

दगड छातीएवढा उंच. वर सूर्य-चंद्र कोरलेले, खाली अक्षरं, आणि सगळ्यावर हळद-तेलाचा काळा थर. मी पाणी तापवून मागितलं. ते शेजारी उभे राहिले आणि न विचारताच एका जागी बोट ठेवलं, खालून पाचव्या ओळीवर.

"इथं. दिव्यात तेल घातलं की तेलकट बोट इथं पुसायचं. आमचे आजोबा इथंच पुसायचे, बापही इथंच."

"इथंच का?"

"आता ते मला विचारता? वाचायला तुम्हाला बोलावलंय!"

मी ब्रशनं थर सोडवला, ओला कागद चढवला, ठोकून ठोकून अक्षरांत बसवला, वर शाई फिरवली. ठसा घ्यायच्या या कामात घाई चालत नाही. कागद वाळेपर्यंत अक्षरं हळूहळू पांढरी उमटत जातात. वरच्या ओळी फार झिजल्या होत्या, तरी अर्थ लागत होता. बाजारपेठेत जमलेल्या व्यापाऱ्यांनी देवाच्या अखंड दिव्यासाठी दिलेलं दान होतं ते. बैलाच्या पाठीवरल्या मिरीच्या गोणीमागं इतकं, पानांच्या ओझ्यामागं इतकं. त्यातला एक जण जैनांच्या बसदीला, म्हणजे मंदिरालाही देणारा. आणि खालून पाचवी ओळ आरशासारखी स्वच्छ निघाली. शेकडो वर्षांच्या तेलानं तिला ऊन-पावसापासून राखलं होतं. समुद्रापलीकडून आलेला घोड्यांचा व्यापारी, त्याचं नाव. त्या नावाबद्दल शंकेला जागा नाही, कोणत्या धर्माचा माणूस ते उघड आहे. त्यानं व त्याच्या लोकांनी सूर्य-चंद्र असेतोवर जत्रेला पहिलं तेल द्यावं. त्याच्या धर्माविषयी दगडाला काहीच म्हणायचं नव्हतं. मिरीवाला आणि तेलघाण्याचा मालक यांच्या मधोमध त्याला बसवून दगड पुढं गेला होता.

ड्रायव्हर त्याच व्यापाऱ्याचे वंशज, असं कुठलाही इतिहासकार छातीठोक सांगणार नाही. पण अक्षर न वाचता येणाऱ्या माणसांनी बापाकडून लेकाकडे नेमकी ओळ सांभाळत आणली होती. असा पुरावा मी आयुष्यात दुसरा पाहिलेला नाही.

अध्यक्ष आले, सोबत कॉफी आली. माणूस वाईट नव्हता. त्यांनी मला धमकावलं असतं, काही देऊ केलं असतं, तर आज माझ्यापाशी निदान सबब असती. ते एवढंच म्हणाले, "दगडात असेल तर ठेवू, सर. नसेल तर विषय संपला. गावात पोरंटोरं तापलीत, मला नुसती शांतता हवी." मग बाकीच्यांकडे वळून म्हणाले, "सर नम्मोरे." म्हणजे आपलेच.

आता हे सांगताना लाज वाटते. आमचं घर पिढ्यान्पिढ्या म्हैसुरात आहे. घरी कन्नड कालवलेली मराठी, विठोबाचं भजन, वडिलांचं शिवणाचं दुकान. त्या दुकानात गिऱ्हाईक माप देता देता विचारायचं, तुमचं मूळ गाव कुठलं हो? वडील म्हणायचे, हेच. गिऱ्हाईक हसायचं. "ते झालं, पण मूळ?" मीही तो प्रश्न शाळेत ऐकला, नजरबादच्या कचेरीत दाखल्याच्या रांगेत ऐकला, स्टाफरूममध्ये ऐकला. आणि त्या आवारात पहिल्यांदा मला कुणीतरी काही न विचारता आपलं म्हटलं. बाहेरून आलेल्या एका माणसाचा मान दगडातून वाचून दाखवायचा, आणि हे लोक परत मला विचारणार, तुमचं मूळ कुठलं? एवढंच डोक्यात आलं. एवढ्यासाठी.

मी ठसा गुंडाळून घेतला; नुसत्या दगडावर बघणाऱ्याला काळपट खुणांपलीकडे काही दिसत नव्हतं. मी म्हणालो, "बाकी वाचता येतंय. ती एक ओळ गेली."

"गेली म्हणजे?" ड्रायव्हर.

मला कारण हवं होतं आणि समोर दिसलं ते मी उचललं. "तेलानं. इतकी वर्षं तेल मुरून दगड मऊ झाला. अक्षरं राहिली नाहीत."

ते आपलं बोट बघत राहिले. अध्यक्षांनी विचारलं, "आणि शेवटी काय लिहिलंय?"

"शाप. हे दान मोडणाऱ्याला. सगळ्याच दगडांवर असतो."

"सगळ्यांवर असतो मग कशाला भ्यायचं!" कुणीतरी म्हणालं. हसले सगळे. मीही हसलो. मला शाल घातली.

घरी आल्यावर बायकोनं विचारलं, "लागलं वाचायला, अल्वा?" मी म्हटलं, "सुम्ने, नेहमीचंच होतं." अल्वा म्हणजे हो ना, सुम्ने म्हणजे उगीच, विशेष काही नाही. वर्षभरानं त्या लेखावर मी निबंध छापला. खालून पाचव्या ओळीच्या जागी तीन टिंबं आणि कंसात 'अक्षरे झिजलेली'. यादीत ड्रायव्हरांच्या घराचं नाव आलं नाही. दगड नव्या ओट्याच्या पायात बसवला, अक्षरं आत. आता ती ओळ फक्त माझ्या कपाटातल्या ठशावर आहे.

गेल्या महिन्यात ते माझ्या घरी आले. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी म्हैसूरला आले होते, डोळ्यावर हिरवी पट्टी. सोबत लेक. बायकोनं बसवलं, चहा केला. ते म्हणाले, "भिऊ नका मेष्ट्रे, काही मागायला नाही आलो. ही ऐकत नाही, समितीला अर्ज करते म्हणते. तिला तुमच्या तोंडून ऐकू दे."

लेक म्हणाली, "सर, थोडंसुद्धा वाचता येत नव्हतं? एखादं अक्षर?"

मी बोलायच्या आत तेच बोलले. "अगं, मेष्ट्रे लपवतील होय? चूक आमच्या घरची. आजोबांनी पुसलं, बापानं पुसलं, मी पुसलं. आपल्या हातानं आपलं नाव पुसलं. जत्रेला मी आता लांबूनच हात जोडतो. देवासमोर नाही, बापासमोर जायची लाज वाटते."

मी उठलो. आतल्या खोलीत जाऊन कपाट उघडलं, ठशाची गुंडाळी हातात घेतली. बाहेर ते माझ्या बायकोला येलवालच्या वळणावर म्हशी आडव्या आल्याचा किस्सा सांगत होते आणि ती हसत होती. मी गुंडाळी परत ठेवली. बाहेर येऊन म्हणालो, "नाही. एकही अक्षर नाही." दुसऱ्यांदा. या वेळी तर आवारही नव्हतं, समितीही नव्हती.

लेक वडिलांचा हात धरून पायऱ्या उतरली. तिनं मागं वळून माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं तिला कळलंय.

नाव-गाव वगळून हे लिहिणं सोपं आहे, म्हणून याला फेड म्हणू नये. ते लांबून हात जोडतात ते माझ्यामुळे, आणि बापासमोर लाजतात तेही माझ्यामुळे. ठसा घेऊन त्या गावी जाणं, समितीसमोर ती ओळ नावासकट मोठ्यानं वाचणं, मी खोटं बोललो हे सांगणं, आणि त्यांना एकट्याला सांगणं की तेलानं ओळ पुसली नव्हती, तेलानंच ती राखली होती. एवढं मी त्यांचं देणं लागतो. अजून दिलेलं नाही.