कार्शियाकाच्या मावशी

आमच्या शेजारचं कुटुंब तुर्कस्तानातलं. मुलगा इथे सिंगापूरला, सेम्बावांगच्या जहाजदुरुस्तीच्या यार्डात इंजिनिअर, सून बँकेत. त्यांना बाळ झालं तेव्हा मुलाची आई इझमीरहून आली. "तिला तेयझे म्हणा," मुलानं सांगितलं, "आमच्याकडे आईच्या बहिणीला तसं म्हणतात." म्हणजे मावशीच की. मी त्यांना मावशीच म्हणू लागले.

मावशींना इंग्रजी येत नव्हतं आणि मला तुर्की. लिफ्टमध्ये भेटलो की माझ्या गालाला हात लावून त्या पुष्कळ काहीतरी बोलायच्या. मी मराठीत उत्तर द्यायचे. नाहीतरी इंग्रजी त्यांना कळणार नव्हतंच, मग आपली भाषा काय वाईट?

एका दुपारी मी घरून काम करत होते आणि बेल वाजली. दारात सून, कडेवर बाळ. सासूबाई ब्रेड आणायला खाली गेल्या त्या परतल्याच नव्हत्या, फोनही घरीच विसरल्या होत्या. "तू बाळाजवळ थांब, मी बघते," म्हणून मी चपला घातल्या.

खालची दुकानं पाहिली, बसस्टॉप पाहिला, मार्केट पालथं घातलं. मग आठवलं. थोड्याच दिवसांपूर्वी त्यांनी हातानं लाटा करून मला काहीतरी विचारलं होतं आणि मी त्यांना स्टॉपवर नेऊन समुद्राकडे जाणारी बस दाखवली होती. तीच बस पकडली.

सेम्बावांग पार्कच्या जेट्टीवर, गळ टाकून बसलेल्यांच्या रांगेत मावशी होत्या. मांडीवर ब्रेडची पिशवी. शेजारच्या चिनी आजोबांना त्या आमिष कसं लावायचं ते तुर्कीत सांगत होत्या आणि आजोबा त्यांच्या भाषेत ते खोडून काढत होते. दोघांचं छान चाललं होतं. मला पाहून मावशींनी बाजूची जागा थोपटली. मी बसले आणि सुनेला फोन करून सांगितलं, सापडल्या.

समोर खाडीपलीकडे मलेशियाचा किनारा होता. तिकडे बोट करून मावशी म्हणाल्या, "कार्शियाका."

"नाही मावशी, जोहोर. मलेशिया."

"कार्शियाका," त्या पुन्हा म्हणाल्या आणि हात छातीवर ठेवला.

मी फोनवर भाषांतराचं ॲप उघडलं. शब्दाचा अर्थ निघाला, समोरचा किनारा. इझमीरच्या आखाताच्या ज्या काठावर मावशी जन्मल्या आणि लग्नानंतरही दोनच गल्ल्या पलीकडे राहिल्या, त्या भागाचं नावही तेच, असं मावशींनी ॲपमधून सांगितलं. "म्हणजे इझमीर," मी म्हटलं. त्यांनी ठासून मान हलवली. इझमीर नाही, कार्शियाका. मला माझे सासरे आठवले. कुणी पुण्याचे का विचारलं, की ते "चिंचवडचे" असं दुरुस्त करतात.

मग त्या फोनशी बराच वेळ बोलल्या. पडद्यावर आलं ते असं: "आमच्याकडे मन जड झालं की बाई समुद्राकडे उतरते. सून गुणी आहे. पण आठव्या मजल्यावरून उतरायचं कुठे?"

त्यानंतर शनिवारची सकाळ जेट्टीवर आम्हा दोघींची झाली. त्या थर्मासमध्ये काळा चहा आणायच्या, मी शंकरपाळे न्यायचे. एकदा त्यांनी फोनच्या ॲपमधून मला विचारलं, "मुलगा म्हणतो कायमची इथेच राहा. नवरा गेल्यावर तिथं कोण आहे, असं म्हणतो. तू त्याला सांगशील? मला घरी जायचंय."

मी म्हटलं, "मावशी, हे तुम्हीच सांगायला हवं. हवं तर आमच्याकडे जेवायला या सगळे, तिथे सांगा."

आले सगळे. वरणभात, बटाट्याची भाजी. जेवण होत आलं तेव्हा मावशींनी चमचा खाली ठेवला आणि हळू आवाजात एकच वाक्य बोलल्या. मला शब्द कळले नाहीत, पण मुलाचा चेहरा पडला. सुनेनं टेबलाखालून त्याचा हात धरला असावा, कारण तो काही बोलायला गेला आणि थांबला. मग त्यानं आईला काहीतरी विचारलं आणि तिनं मान डोलावली. बाळ चालायला लागेपर्यंत थांबायचं ठरलं, आणि ते चालायला लागलं तशा मावशी कार्शियाकाला परतल्या.

पुढच्या सुट्टीत मी आणि माझा नवरा इझमीरला गेलो. कोनाकच्या धक्क्यावरून बोटीनं आखात ओलांडलं. पलीकडच्या धक्क्यावर मावशी उभ्या होत्या, ओठांना लाली, गळ्यात निळा स्कार्फ. मला कवटाळून त्यांनी सरळ बाजाराचा रस्ता धरला. मिठाईवाला, न्हावी, बाकावरच्या बायका, सगळ्यांना थांबवून "सिंगापूरची माझी शेजारीण" अशी ओळख करून देत होत्या. तीळ लावलेलं पावाचं कडक कडं हातात दिलं. बाकी तुर्कस्तानात म्हणतात तसं मी "सिमित" म्हटलं तर लगेच टोकलं, इथे याला गेवरेक म्हणायचं. संध्याकाळी ताडांच्या रांगेखाली सगळं गाव पाण्याकडे तोंड करून बसलं, सूर्यफुलाच्या बिया सोलत.

"एकटं वाटत नाही?" मी फोनच्या ॲपमधून विचारलं.

"रात्री वाटतं," उत्तर आलं. "सकाळी वेळ नसतो."

हॉटेलवर आलो तर सिंगापूरहून मुलाचा फोन. "आई कशी वाटली? खरं सांगा."

"फार भरभर चालतात," मी म्हटलं. "आम्हाला गाठता येत नव्हतं."

तो हसला, आणि बायकोला हाक मारून तिला बहुधा तेच तुर्कीत सांगताना मला ऐकू आलं.